श्वे घराण्याची वीट

चीनमधल्या नानजिंग शहराचा जुना तट बघायच्या रांगेत म्हातारे श्वे होणाऱ्या विहीणबाईंपुढे उभे होते. बाईंना जुनंच घराणं हवं होतं आणि श्वेंच्या मुलीचं लग्न तेवढ्यावर अडलं होतं.

“कोणाला खरं वाटणार नाही, पण सहाशे वर्षांपूर्वी हा तट आम्ही श्वे मंडळींनी बांधला.”

“एकट्यांनी?”

“बाकीचे चुना कालवायला होते. ही वीट बघा, आमच्या पूर्वजाचं नाव!”

“नाव घालायचे ते वीट फुटली तर फटके कोणाला द्यायचे, हे कळावं म्हणून.”

“म्हणूनच फुटली नाही! सहाशे वर्षांत जागची हललेलीसुद्धा नाही.”

मागून त्यांचा शेजारी काओ ओरडला, “श्वेदादा, ही तर तुमच्या डुकरांच्या खोपटातली! सरकारनं लोकांनी उचलून नेलेल्या तटाच्या विटा परत मागितल्या, तेव्हा माझ्याच हातगाडीवरून आणून दिलीत की!”