होल्डवरचा विठ्ठल

बोला मंडळी — विठ्ठल, विठ्ठल! अहो, जरा जोरात! जेवणं झालीत ना सगळ्यांची?

आज एकच प्रश्न. देवाचं नाव घ्यावं — कबूल! पण माणसाला ताटकळत ठेवायला देवाचं नाव वापरावं का? लगेच माना हलवू नका, आधी ऐका!

एक तालुक्याचं गाव. स्टँडच्या मागं भास्करराव शेट्यांचं क्रेनचं ऑफिस. ऑफिस म्हणजे काय — पत्र्याची खोली, मालकांची फिरती खुर्ची आणि एक फोन. पण फोन कसला! एकाच डबड्यात तीन लाईन, तीन दिवे! एक नंबर मोठ्या लोकांचा. दोन नंबर ड्रायव्हरांचा. आणि तीन नंबर? तुमचा-आमचा, गोरगरिबाचा!

त्या फोनवर बसायची सुलभा तोडकर. नवरा गेलेला, घरात सासू आणि शाळेतली पोर, चूल पेटायची ती हिच्या पगारावर. मालकांचा नियम ठरलेला — "एक नंबर वाजला की बाकीचे होल्डवर!" आणि वैतागून लोकांनी फोन ठेवू नये, म्हणून होल्डवर काय लावलेलं? विठ्ठलनामाची धून! टाळ, मृदंग, सगळं! काय डोकं बघा — शिव्या घालणारासुद्धा गप्प! देवाला कोण शिव्या घालणार?

त्या दिवशी तालुक्याचे पुढारी आबासाहेब यांचा सत्कार होता. सत्कार म्हणजे हार आलाच. पण हातात मावेल तो हार कसला? क्रेनला टांगलेला पाहिजे! गळा एवढासा, आणि हार बैलगाडीएवढा! शेट्यांच्या दोन क्रेन. एक बिघडून पडलेली, दुसरी हारासाठी ठरलेली.

दुपारी तीन नंबर वाजला.

"बाई, कालव्यावर उसाची ट्रॉली उलटली! भाऊ हाय माझा खाली! बोलतोय अजून... क्रेन पाठवा वो!"

"कुठल्या पुला—" एवढ्यात एक नंबर पेटला! आणि मंडळी, सवय वाईट हो! बोट आपोआप गेलं होल्डवर.

"आबासाहेबांकडून बोलतोय. क्रेन लगेच पाठवा, फोटोवाले खोळंबलेत!"

सुलभा "हो" म्हणणार, तोच नजर गेली तीन नंबरच्या दिव्याकडं. लुकलुकत होता. त्या बिचाऱ्याच्या एका कानात भाऊ ओरडतोय, आणि दुसऱ्या कानात आपण टाळ वाजवतोय! मनात म्हणाली, पांडुरंगा, चालतं का रे तुला हे? दिवा लुकलुकत राहिला.

"साहेब, थांबा जरा," म्हणाली, आणि होल्डचं बटण दाबलं — एक नंबरवर!

मालक खुर्चीतून उडाले! "अगं, डोकं फिरलं का तुझं? आबासाहेबांना होल्डवर?"

"ऐकू द्या की मालक! देवाचंच नाव आहे!"

तीन नंबर उचलला. "दादा, बोला, कुठला पूल?"

"मळईचा!"

तोच दोन नंबर पेटला. क्रेनचा ड्रायव्हर, दस्तगीर! मालकांनी बोट रोखलं, "क्रेन दुसरीकडं धाडलीस तर उद्यापासून येऊ नकोस!"

सुलभाला पोरीचं तोंड दिसलं. पण तिनं दोन नंबर दाबला.

"ताई, हाराकडं निघू का?"

"हार राहू दे! मळईच्या पुलावर पळव, ट्रॉलीखाली माणूस हाय!"

"ह्यो निघालो!"

मालक लालबुंद. "आता एक नंबर घे आणि माफी माग!"

घेतला! "साहेब, सुलभा तोडकर बोलते. क्रेन माणूस उचलायला गेलीय. हार तुमच्या माणसांना उचलता येईल. माफी मागणार नाही." फोन ठेवला, जेवणाचा डबा पिशवीत घातला, आणि ताठ मानेनं पायरी उतरली.

माणूस वाचला, मंडळी! पाय मोडला, पण वाचला! हार मांडवाबाहेर पडून राहिला, शेळ्यांनी सत्कार केला त्याचा! आणि सुलभाची नोकरी? गेली! खोटं कशाला सांगू? आकाशातून विमान-बिमान काही आलं नाही. चार घरी पोळ्या लाटल्या तिनं, पण त्या फोनकडं पुन्हा फिरकली नाही.

हसलात, डोळे पुसलेत. आता इकडं बघा! आज कीर्तन उशिरा का सुरू झालं? पाहुणे यायचे होते! आणि तोवर तुम्हाला काय लावून दिलं होतं? विठ्ठल, विठ्ठल! अहो, तुम्हाला होल्डवर ठेवलं होतं! आणि हा पुढचा सोफा, नवी चादर घातलेला — अजून रिकामाच! ओ कमिटीचे अध्यक्ष, डोळे वटारू नका. पुढच्या वर्षी बोलावू नका मला, चालेल!

त्या खांबापाशी कोण ते, गुडघा धरून उभ्या? आजी, तुम्हीच! या पुढं. अहो, वाट द्या त्यांना! बसा सोफ्यावर. घाबरता कशाला, टेका पाठ! तुम्ही बसल्याशिवाय मी पुढचं नाम घेणार नाही.

बसल्या? हां! आता बोला मंडळी — विठ्ठल!