आपटेकाकांचं पत्र

(ऑक्टोबर २००७. शहापूर, एसटी स्टँडासमोरचं सायबर कॅफे, दुपारी दीडचा सुमार. दीपेश इथे कामाला आहे. भूमिका मुरबाडहून आली आहे.)

भूमिका : आणि तुझी ती रेवती. नागपूरची मुलगी प्रत्येक वाक्याला 'अय्या' म्हणते? नागपूरला गेलायस कधी?

दीपेश : तू गेलीयेस? तुझा कर्नल बघ. सीमेवरनं येऊन मराठी मालिकेवर चार चार पानं लिहितो. त्याला तिकडं दुसरं काम नाय का?

भूमिका : कर्नल रिटायर आहे. पहिल्याच कमेंटमध्ये सांगितलंय. तू वाचत नाहीस नीट.

दीपेश : मी टाइप करतो बाई. संजीवनीच्या वह्या, वर रेवती, वर ती साताऱ्याची बँकवाली, वर काका. वाचायला टाइम कुठं?

भूमिका : बँकवाली मात्र झकास जमलीय तुला. परवा तिनं कर्नलला टोमणा मारला, तेव्हा मला खरंच राग आला.

दीपेश : मग. आपली नर्मदा एकदम गरीब गाय, तिच्या तोंडी तो कर्नल शिव्या घालायला बघत होता. बँकवाली गप्प बसेल? 'पात्र सुटलं' म्हणून लिहिलं तिनं. नियम म्हणजे नियम.

भूमिका : नियम मीच केलाय. जे पात्र जे बोलणार नाही ते त्याच्या तोंडी घातलं, की बाकीच्यांनी एवढंच लिहायचं, पात्र सुटलं. आणि प्रकरण परत लिहायचं. तू मलाच माझा नियम शिकव.

दीपेश : चहा सांगू?

भूमिका : दीपेश, गाडी किती वाजता येते डोळखांबची?

दीपेश : दोनला. अजून टाइम आहे.

भूमिका : पंचवीस मिनिटं. आणि आपण अजून रेवतीवर बोलतोय.

दीपेश : मग कशावर बोलू? संजीवनी गाडीतून उतरणार, इकडं येणार, विचारणार, दादा, आपटेकाका कुठायत. मी काय खिशातून काढू त्यांना?

भूमिका : काका वाईला होते ते बरे होते. मुख्याध्यापक, रिटायर, घराबाहेर पडत नाहीत. त्यांना ठाण्याला मुलीकडे आणायची काय गरज होती?

दीपेश : रंग भरायला. तूच सांगतेस ना, माणूस खरा वाटला पाहिजे. मुलगी, नातू, साखरेची गोळी. मला काय माहीत ती लिहील, ठाण्याला आहेत तर शनिवारी शहापूरला भेटायला येते म्हणून.

भूमिका : मालिका बंद पडली त्याला दोन वर्षं झाली. 'नर्मदेचं सासर' पुढे न्यायचं म्हणून एक्केचाळीस जण इंटरनेटवरच्या आपल्या कम्युनिटीत आले. त्यांतले बोलणारे किती? सात. आणि सातांतले चार आपण बनवलेले. हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

दीपेश : संजीवनीचं पहिलं प्रकरण टाकलं, आठ दिवस एक माणूस फिरकला नाय. बारकू कंडक्टर रोज खिडकीतनं विचारायचा, पोरगी थांब्यावर उभी असते, काय निरोप देऊ? तिनं शंभर पानी वही भरून पाठवलेली गाडीतनं. मी कोरा कागद पाठवू? म्हणून रेवती केली. एकच कमेंट, 'अय्या, किती छान.' प्रिंट काढून बारकूच्या हातात दिली.

भूमिका : तिथंच थांबायचं होतं.

दीपेश : आणि कर्नल कोणी आणला?

भूमिका : मी आणला. मजा येत होती. मी कुठे नाही म्हणतेय.

दीपेश : मग आता काय?

भूमिका : तिचं शेवटचं पत्र परत वाच. नर्सिंगवालं.

दीपेश : पाठ आहे मला. ठाण्याला नर्सिंगला नंबर लागलाय, राहणं खाणं सरकारी. सोमवारी हजर व्हायचंय. नाय झाली तर जागा जाते, मग दिवाळीनंतर आईबरोबर, भाऊ नवशाबरोबर वीटभट्टीवर. आणि खाली, 'काकांशी बोलल्याशिवाय ठरवणार नाय.'

भूमिका : काकांशीच का? काकांनी काय लिहिलं होतं तिला?

दीपेश : श्रावणात लिहिलं होतं. चौदावं प्रकरण वाचून. ते प्रकरण खरंच भारी होतं, तूपण म्हणालीस.

भूमिका : काय लिहिलं होतं?

दीपेश : की नोकरी काय, कोणीपण करील. असं लिहिणारी शंभरात एक. आणि पुण्याला त्यांचा एक विद्यार्थी आहे, पुस्तकं काढतो, त्याच्याकडे वह्या देईन.

भूमिका : हे तू मला दाखवलं नाहीस.

दीपेश : काका माझे होते. तू कर्नल दाखवायचीस मला?

भूमिका : बस तिकडं. टाइप कर. काकांची तब्येत बिघडली, येता येत नाही. आणि त्यांचा सल्ला, नर्सिंगला जा. लिही. 'चि. संजीवनी, अनेक आशीर्वाद.'

दीपेश : काका आशीर्वाद देत नाय.

भूमिका : आज देतील. 'आयुष्यात स्थैर्य महत्त्वाचं. हातात विद्या असली की लेखन कधीही करता येतं. सोमवारी ठाण्याला हजर हो.' खाली 'तुझा, आपटेकाका.' काढ प्रिंट. लाइट जायच्या आत.

दीपेश : खरं सांगून टाकलं तर?

भूमिका : आज सांगितलं तर ती सोमवारी ठाण्याला जाईल की घरी जाऊन तोंड झाकून पडेल? आधी जाऊ दे. मग दोन महिन्यांनी आपण दोघं ठाण्याला जाऊ, हॉस्टेलवर भेटू, सगळं सांगू. मी सांगते, तू नको.

दीपेश : आली बघ. निळी पिशवी.

संजीवनी : दादा, वळखलंत का? तुमी दीपेशदादा ना? बारकूदादानं सांगितलं, काउंटरवर चष्मेवाला.

दीपेश : ये गो, ये. बस. ही भूमिका.

संजीवनी : भूमिकाताई? मुरबाडवाल्या? तुमी माझं नवं प्रकरण परत लिवायला लावलंत, मी दोन दिवस जेवले नाय.

भूमिका : मग चांगलं झालं ना ते?

संजीवनी : लय चांगलं झालं. काका आले नाय अजून?

भूमिका : त्यांना बरं नाहीये गं. साखर वाढली एकदम. मुलीनं बाहेर पडू दिलं नाही. पण पत्र पाठवलंय, कालच आलं. हे घे.

संजीवनी : साखर आहे म्हणून तर नाचणीचं पीठ आणलं मी. आयनं दळलं. राहू दे, तुमी पोचवाल?

दीपेश : पोचवीन.

संजीवनी : वाचते हां.

भूमिका : वाच सावकाश. पाणी घेतेस?

संजीवनी : हे काकांचं नाय.

दीपेश : अगं, कॉम्प्युटरवरनं आलंय म्हणून...

संजीवनी : ते ठाव आहे मला. सगळीच तशी येतात. पण काका आधी चूक काढतात. एक तरी. आशीर्वाद कंदी लिवत नाय, खाली नुसतं 'आपटे' लिवतात. आणि नर्मदा शाळा सोडून घरी बसली, तवा यांनीच मला झापलं, दोन पानं. तिला धीट कर म्हणाले. तोच माणूस मला स्थैर्य सांगल? पात्र सुटलंय, ताई.

भूमिका : संजीवनी, आजारी माणूस जरा वेगळं लिहितो.

संजीवनी : लिवू दे. पण अक्षी दुसराच होईल का?

दीपेश : मी लिहिलं. म्हणजे हे ताईनं सांगितलं, मी लिहिलं. आधीची सगळी मी.

भूमिका : दीपेश.

दीपेश : आता काय राहिलंय, भूमिका? काका नायत गो. वाईला कोण आपटे नाय. रेवती पण मीच. बँकवाली पण.

संजीवनी : कर्नल?

भूमिका : मी.

संजीवनी : रेवतीचा भाऊ गाडीखाली गेला, ते?

दीपेश : तिनं महिनाभर कमेंट टाकली नव्हती. मला टाइम नव्हता. कारण काहीतरी द्यायला पाहिजे होतं.

संजीवनी : मी देवळात नारळ ठेवला त्याच्या नावानं.

भूमिका : आमची चूक आहे. दोघांचीही. तुला वाईट वाटू नये एवढंच सुरुवातीला होतं, मग आम्ही वाहवत गेलो. शिव्या घाल हव्या तर. पण ऐक, या पत्रात एक गोष्ट खरी आहे. तू सोमवारी ठाण्याला जा. मी येते सोबत, सकाळी साडेसहाला इथं स्टँडवर उभी राहते. कागद आहेत ना सगळे?

संजीवनी : मी बुधवारी जाऊन आले.

भूमिका : हजर झालीस? मग प्रश्नच नाही.

संजीवनी : लिवून दिलं. जागा नको म्हणून. सही केली. म्याडम दोनदा म्हणाल्या, घरी जा, इचार कर. मी म्हटलं, इचार झालाय.

दीपेश : पण तू तर लिहिलं होतंस, काकांशी बोलल्याशिवाय...

संजीवनी : ते आधी. मग वाटलं, इचारायला गेलं तर काका म्हणतील, अजून भितेस. म्हणून आधीच करून आले. मी काकांना इचारायला नाय आले, दादा. सांगायला आले.

भूमिका : आत्ता निघू. तिथं कोणी तरी भेटेल. मी बोलते त्यांच्याशी, गैरसमज झाला म्हणते.

संजीवनी : शनवार आहे, ताई. आणि वेटिंग लिस्टमधी गोजर होती, साकुर्लीकडची. जागा सुटली तर म्हणून खाली बसूनच होती, तिला तवाच बोलावलं. मी खाली येईतोवर ती बापाबरोबर पत्र्याची ट्रंक घेऊन जिना चढत होती. मला म्हणाली, खाट कोणती चांगली आहे गो? मी खिडकीची सांगितली.

दीपेश : पुढच्या वर्षी परत फॉर्म भर. मी भरून देतो. ऑनलाइन नसेल तर मी स्वतः जातो.

संजीवनी : पुढच्या वर्षाला वय जातं. त्या म्याडमनी तेच सांगितलेलं.

भूमिका : मी घरी येते तुझ्या. आज, याच गाडीनं. आईंना मी सांगते काय झालं ते.

संजीवनी : नको. तुमी नका येऊ. आय म्हणजे काय वाटतं तुमाला, तिला काय नाय कळत? प्रिंट आली की कामं टाकून बसते. काकांनी काय लिवलं, काकांच्या नातवाला दात आले का. जागा सोडली तर ओरडली नाय ती. म्हणाली, एवढा शिकलेला माणूस सांगतो तर खरं असल.

दीपेश : मी येऊन पाया पडतो त्यांच्या.

संजीवनी : त्यानं काय व्हईल? परतीची गाडी लागली का बघा जरा.

भूमिका : लागतेय. संजीवनी, काही तरी करू दे आम्हाला. काहीही सांग.

संजीवनी : काकांचं एक पत्र लिवा. पुस्तक होणार, पण टाइम लागल म्हणावं. दोन वर्सं. तवर भट्टीवर गेलीस तरी हरकत नाय म्हणावं. आणि आधी चूक काढा कायतरी.

दीपेश : परत खोटं लिहू?

संजीवनी : दिवाळीच्या आत बारकूदादाकडं द्या. आयला वाचता येत नाय. मीच वाचून दाखवीन.