या वेळी साधं ऑइल

स्कूटरच्या पंक्चरसाठी गॅरेजच्या बाकावर ताटकळलेल्या शिंप्याने वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं होतं, पण कान शेजारच्या नवराबायकोकडे लावले होते.

“ऑइल नेहमीचंच ना साहेब, सिंथेटिक?” मिस्त्रीने विचारलं.

“नको, साधं टाका,” नवरा म्हणाला.

“साधं?” बायको म्हणाली. “मागे मी साधं टाकून आणलं, तर इंजिनाला विष पाजलंस म्हणून घर डोक्यावर घेतलं होतंत!”

“अगं, साधं लवकर बदलावं लागतं, एवढंच.”

“आणि ते आता चालेल तुम्हाला?”

“या वेळी चालेल.”

“का चालेल?”

“हळू बोल, लोक बसलेत.”

“बसू देत. म्हणजे पुढचं ऑइल बदलायला गाडी आपल्याकडे नसणार. अहो, कोणाला देताय?”

“धाकट्याला. शब्द दिलाय त्याला. रविवारी नेईल.”

“आणि माझ्या आईचं डायलिसिस? दिवसाआड तिला काय पाठुंगळी घेऊन नेऊ?”

“भाऊ आहे तो माझा.”

“सख्खा ना? मग साधं ऑइल घालून गाडी त्याच्या गळ्यात मारत होतात?”

नवरा मोबाइल काढून बघू लागला.

“मिस्त्री, सिंथेटिकच टाका. रविवारनंतरही गाडी मीच चालवणार आहे.”

मिस्त्रीने साहेबांकडे पाहिलं.

“त्यांच्याकडे काय बघताय? काम झालं की चावी इकडे द्या.”