वीस पेशंटचा वॉर्ड

शाळा मी पाहिली नाही, पण वॉर्ड पाहून हॉस्पिटल ओळखते. नात नर्स आहे. पुढचा नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स नावाजलेल्या कॉलेजात करावा, की अभनपुर रोडवरच्या साध्या कॉलेजात अर्ध्या फीत, हे ठरेना. म्हणून आधी स्वस्तातलं बघायला गेलो. नेमकी त्या दिवशी तिथे कॉलेजच्या मान्यतेसाठी सरकारी तपासणी होती.

कॉलेजच्या हॉस्पिटलात, वॉर्डभर वीस पेशंट, पण कोणी खोकत नव्हतं. एकाला विचारलं, “काय झालं तुले?”

त्यानं खाटेच्या पायथ्याचा कागद वाचला. “निमोनिया, दाई.” दाई म्हणजे तिकडे आई.

तपासणीवाल्यांची गाडी गेली, तसे सगळे उठले, चादरींच्या घड्या करून निघाले. एक पडूनच राहिला.

कॉलेजच्या मॅडम त्याला म्हणाल्या, “उठो भैया, साहब लोग गए.”

नातीनं त्याचं मनगट धरलं. गार होतं.

“आजी, हा खरंच बिमार होता.”

नावाजलेल्या कॉलेजाची दुप्पट फी मी मुकाट भरली.