खाली बघून सांग

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आई डोळे मिटून बसली होती. शेजारी तिशीतला लेक. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मासिक उघडं धरलं होतं, पण कान त्या दोघांकडेच होते.

“आज ऑफिस नाही वाटतं?”

“रजा टाकलीय गं.”

“परवाही रजाच होती. तू माझ्या डोळ्यांत बघतोयस ना आत्ता?”

“म्हणजे काय?”

“लहानपणापासून माझी बटणं गायब करत आलास. हातात काही लपवायचं असलं की समोरच्याच्या थेट डोळ्यांत बघायचं, हे तूच शिकवलंस मला. वडिलांना घाल टोपी, मला नको. खाली बघ आणि सांग. नोकरी सोडलीस ना?”

लेकाने मान खाली घातली.

“सोडली. आता जादूचेच प्रयोग करणार.”

“वाटलंच! अरे, पोराटोरांच्या वाढदिवसाला रुमालातून कबुतर काढणं वेगळं आणि त्यावर घर चालवणं वेगळं.”

“वाढदिवस कधीच सुटले, आई. नाट्यगृहात खेळ लावलेत. बाहेर माझं पोस्टर आहे, हे एवढं मोठं.”

“पोस्टर काय, कुणीही चिकटवतं. माणसं येतात का?”

“येतात की.”

“खुर्च्या भरतात?”

“भरतात.”

“मागच्यासुद्धा?”

“मागच्यासुद्धा.”

“आणि आत्ता कुठे बघतोयस?”

बाईंनी मासिक हळूच खाली केलं. लेक आईच्या मिटलेल्या पापण्यांकडे टक लावून बघत होता.

“खाली,” तो म्हणाला.