सनईच्या रेकॉर्डवरचा ओरखडा

आमच्या घरची सनईची रेकॉर्ड एकाच जागी का अडकते, ते सांगते. आजोबा पूर्वी पुसेगावकडच्या लग्नांत लाउडस्पीकर लावायचे. नवरी निघताना नेहमी हीच रेकॉर्ड लागायची. गेल्या महिन्यात बाबांनी सगळ्या रेकॉर्डी नांदेडच्या एका शौकीन माणसाला विकायचं ठरवलं. आजोबा म्हणाले, "व्हय, नेऊ दे." ओरखडा असलेली रेकॉर्ड घेणार नाही, असं त्या माणसानं फोनवरच सांगितलं होतं. तो यायच्या दिवशी सकाळी आजोबा या रेकॉर्डवर खिळा ओढताना मला दिसले.

नांदेडच्या पाहुण्यांनी रेकॉर्ड उजेडात धरली. "हे काय झालं, काका?"

"काय सांगू! एका लग्नात बकरं टेबलावर चढलं अन् सुई घसरली. नवरी रडायचं सोडून हसून राहिली होती!"

पाहुणे पोट धरून हसले. "मग ही तर पाहिजेच. असा किस्सा कुठं मिळतो?" त्यांनी ती पिशवीत ठेवली.

आजोबांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं.

"थांबा," आजोबा म्हणाले. "बकरं न्हाई, काही न्हाई. सकाळी मीच खिळा ओढला. देऊ वाटंना."

पाहुण्यांनी पिशवीतून रेकॉर्ड काढून आजोबांच्या हातात दिली.

आता रोज संध्याकाळी सनई त्या ओरखड्यावर अडकते. आजोबा बाजेवरून म्हणतात, "त्या बकऱ्यानं लय नुकसान केलं, पोरी."