आधी थाळ्या वाजल्या

लाडकुंवर : चहा राहू दे बिंदणी, तू बस इथे माझ्याजवळ. फैजपूरहून धुळ्यापर्यंत जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली माझी. पण म्हटलं, हे निरोपाने सांगण्यासारखं नाही, आपण स्वतः जावं.

मंजू : आज बिंदणी म्हणालात मला.

लाडकुंवर : मग काय म्हणू? माझ्या मोहनलालची बायको ना तू. घरची मोठी सून.

मंजू : पाच वर्षं तुम्ही 'ती धुळ्याची' म्हणत होतात. फैजपूरचं कोणी बाजाराला इकडे आलं की मला सांगून जायचं.

लाडकुंवर : लोकांचं काय ऐकतेस. मी आता न्यायला आलेय तुला. धाकट्या ज्ञानचंदचं लग्न ठरलं, एरंडोलची मुलगी आहे. चांगली माणसं, घर चांगलं. एकाच गोष्टीवर अडून बसलेत, म्हणतात, नव्या सुनेसाठी थाळ्या मांडायचा मान मोठ्या सुनेचा, तर तुमची मोठी सून कुठे आहे? तिने स्वतः थाळ्या मांडल्या तर आमची मुलगी देतो, नाहीतर नको.

मंजू : म्हणजे त्यांच्या कानावर गेलंय.

लाडकुंवर : जाणार नाही तर काय. आपल्या समाजात एक शिंकला तर दहा जण विचारतात.

मंजू : आणि तुम्ही काय सांगितलंत त्यांना?

लाडकुंवर : जे झालं ते. की सकाळी वरात घरी आली. दारापासून देवघरापर्यंत सात थाळ्या मांडलेल्या. मोहनलाल कट्यारीने एकेक थाळी बाजूला सारत पुढे चाललेला, आणि सून मागून एकेक उचलत येतेय. आपली रीतच आहे, उचलताना आवाज करायचा नाही. आवाज झाला तर घरात शांतता नांदत नाही. मी दारात उभी होते, बायका गाणी म्हणत होत्या. पाचवी थाळी उचललीस आणि तुझ्या हातात सगळ्या खणखणल्या. आणि मग जमीन हलली.

मंजू : मग?

लाडकुंवर : मग म्हणजे मग. आधी थाळ्या वाजल्या.

मंजू : सासूजी, मी तेव्हा डोक्यावरून छातीपर्यंत पदर ओढलेला होता. मला नुसती खालची फरशी दिसत होती. ती फरशी माझ्या पायाखाली सरकली म्हणून माझे हात हलले. हात हलले म्हणून थाळ्या वाजल्या. एवढी साधी गोष्ट पाच वर्षांत एकाही माणसाच्या डोक्यात शिरली नाही.

लाडकुंवर : आवाज कानाला आधी आला.

मंजू : तुमच्या कानाला आला असेल. माझ्या पायाला आधी कळलं होतं.

धुरपदाबाई : मंजूताई, बाहेर जीपमा एक मानूस बशेल शे. पानी मांगी राहिना. देऊ का?

मंजू : दे ना धुरपदाबाई. माठातलं दे, गार.

धुरपदाबाई : मझार बलावू का त्याले? ऊन शे बाहेर. कोन शे तो?

मंजू : माझे मालक आहेत.

धुरपदाबाई : तुम्हना मालक? आनि बाहेर बशेल शे?

मंजू : तू पाणी दे. आत यायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील.

लाडकुंवर : ही कोण?

मंजू : शेजारी राहते, आमच्याकडे भांडी घासते. तुम्ही मला सांगितलं नाहीत, ते आलेत म्हणून.

लाडकुंवर : मीच म्हटलं त्याला, तू थांब, आधी मी बोलते. लाजतो तो.

मंजू : लाजतात. मला परत पाठवलं तेव्हा ओसरीवर होते. भावाने माझी पेटी उचलली, तेव्हाही लाजतच होते बहुतेक. एक शब्द निघाला नाही तोंडातून.

लाडकुंवर : तू फार बोलायला शिकलीस.

मंजू : शिकलेच. परत आल्यावर करू काय? भाऊ म्हणाला डी.एड. कर. आता मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. आणि नशीब बघा, दरवर्षी एक धडा येतोच. भूकंप. पहिल्या वर्षी तो धडा मी घेतलाच नाही, मुलींना म्हटलं घरी वाचा. आता घेते. आता तर पाठ झालाय.

लाडकुंवर : मला कशाला सांगतेस ते.

मंजू : ऐका तरी. तुम्ही एवढ्या लांबून आलात. एकोणीसशे पाच साली कांगड्याला झाला, तिकडे हिमालयाच्या पायथ्याशी, हजारोंनी माणसं गाडली गेली. चौतीसला बिहारमध्ये, जमिनीतून वाळू वर आली, शेतंच्या शेतं गेली. पन्नासला आसामात झाला, त्याच्याएवढा मोठा आपल्या देशात या शतकात दुसरा नाही. डोंगर कोसळून नद्या अडल्या. छप्पनला कच्छात, अंजारला. परवा जानेवारीत किन्नौरला झाला, तो तर तुम्ही रेडिओवर ऐकला असेल. कुठली सून होती हो तिथे? आसामात कोणी थाळ्या वाजवल्या?

लाडकुंवर : ते देश वेगळे, माणसं वेगळी.

मंजू : बरं, कोयना घ्या. सदुसष्टची. ती तर आपलीच. तेव्हा फैजपुरातही भांडी हलली होती, तुम्हीच सांगितलं होतं मला साखरपुड्याला आलात तेव्हा. उतरंड पडली होती म्हणालात.

लाडकुंवर : पडली होती.

मंजू : मी तेव्हा तुमच्या घरात नव्हते. मग कोणाला दोष दिलात?

लाडकुंवर : तेव्हा सगळे धरणाला म्हणत होते. धरणात पाणी फार साठलं म्हणून झालं, असं.

मंजू : एवढ्या मोठ्या भूकंपाला एवढं मोठं धरण लागलं. आणि त्या सकाळच्या भूकंपाला मी एकटी पुरले.

लाडकुंवर : टोमणे मारू नकोस मंजू. माझं घर गेलंय त्या दिवशी.

मंजू : माझंही त्याच दिवशी गेलं. तो भूकंप गुजरातेत, भडोचला झाला होता, सासूजी. तिकडे घरं पडली, माणसं मेली. आपल्याकडे त्याचा नुसता शेवटचा हेलकावा आला. भडोचच्या माणसांनी कोणाला बोल लावला असेल, मी कधी कधी विचार करते. तिथेही कोणी नवी नवरी आली असेल त्या सकाळी. लग्नाचेच दिवस होते.

लाडकुंवर : भडोचचं मला सांगू नकोस. माझा धनी गेला. जमीन हलली तसे शिडीवरून पडले ते, कमरेचं हाड मोडलं आणि आठ दिवसांत आटोपलं. जाईपर्यंत तुझंच नाव घेत होते.

मंजू : काय म्हणत होते?

लाडकुंवर : काय म्हणणार. बिंदणीला बोलवा म्हणत होते.

मंजू : हे तुम्ही मला आज सांगताय.

लाडकुंवर : तेव्हा कसं सांगणार. घरात एवढ्या बायका जमलेल्या, सगळ्या म्हणत होत्या, तिला त्यांच्यासमोर आणू नका.

मंजू : मी शेजारच्या खोलीत होते. ते हाक मारत होते तेव्हा शेजारच्याच खोलीत होते मी. मला वाटायचं, रागाने नाव घेताहेत. मी कानांवर हात दाबून बसायचे.

लाडकुंवर : झालं ते झालं. आता चल. एरंडोलच्या लोकांसमोर थाळ्या मांड, तुझ्या खोलीची सफेदी करून घेतलीय मी. दागिने तुझे तसेच आहेत.

मंजू : मला यायचंय. खोटं कशाला बोलू? चुडा अजून हातात आहे माझ्या. फळ्यावर लिहिताना वाजतो तर मुली हसतात. भाऊ म्हणतो काढून टाक, वहिनी म्हणते काढून टाक. नाही काढला. येते मी. आत्ता येते तुमच्याबरोबर, पण एक करा.

लाडकुंवर : बोल. हवं तर चुडा नवा करते. सोन्याचा पट्टा देते.

मंजू : ते काही नको. नवी सून दारात येईल, बायका जमतील, तेव्हा थाळ्यांना हात लावायच्या आधी सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, त्या दिवशी भूकंप झाला होता, मंजूचा दोष नव्हता. एकदाच म्हणा. परत कधी नाही मागणार.

लाडकुंवर : असं कसं म्हणू?

मंजू : का नाही?

लाडकुंवर : पाच वर्षं मी दुसरं सांगितलंय. देवळात सांगितलं, व्याह्यांकडे सांगितलं. आता म्हटलं नव्हता दोष, तर लोक मला विचारणार नाहीत? मग मोहनलालचा संसार का मोडला म्हणून?

मंजू : विचारतील.

लाडकुंवर : आणि हे शिडीवर कशाला चढले होते, तेही विचारतील. ओवाळायचा नारळ माळ्यावर विसरले होते मी. मीच म्हटलं, लवकर घेऊन या, सून दारात आली. तुझ्यावर नाही तर मग सगळं माझ्यावर येतं. कळतंय का तुला?

मंजू : कळतंय.

लाडकुंवर : रात्री झोप नाही मला. तुला वाटतं मी मजेत होते?

मंजू : नाही वाटत. सासूजी, मी तुम्हाला नारळाचं बोलायला सांगतच नाही. भूकंप म्हणा. भूकंप म्हटलं ना, की तुमचाही दोष राहत नाही आणि माझाही. दोघी सुटतो आपण. म्हणून तर सांगतेय.

लाडकुंवर : मला नाही जमणार.

मंजू : एवढासा शब्द आहे.

लाडकुंवर : नाही जमणार मंजू. तू नुसती चल. मुकाट्याने थाळ्या मांड, मग हळूहळू सगळे विसरतील.

मंजू : आणि पुढे कधी घरातलं एखादं मूल आजारी पडलं, दुकानात नुकसान झालं, की पुन्हा आठवेल. तेव्हा मी कुठे जाऊ? भाऊ दुसऱ्यांदा पेटी उचलायला येणार नाही.

धुरपदाबाई : मंजूताई, पानी पिधं त्यानी. मी म्हन्तं मझार चाला, तं काही बोलनाच नही. नुसता खाले मान घालीसन बशेल शे.

मंजू : राहू दे धुरपदाबाई. त्यांची तशीच सवय आहे.

(बाहेर जीपचा हॉर्न वाजतो.)

लाडकुंवर : बोलावतोय तो. उशीर होतोय.

मंजू : या मग. पदर सांभाळा, उंबरा जरा उंच आहे.

लाडकुंवर : एरंडोलच्यांना काय सांगू मी?

मंजू : सांगा, शाळेला सुट्टी नव्हती.

लाडकुंवर : आणि थाळ्या? मोठी सून नसताना थाळ्या मांडायच्या कोणी?

मंजू : थाळ्या मांडूच नका, सासूजी. केळीची पानं मांडा. फैजपुरात पानांना काय तोटा. त्या पोरीच्या पायाखालची जमीन हलली, तरी आवाज व्हायचा नाही.